लहान ट्रॅक्टरची लिफ्ट तापल्यावर उचलंना : घरी काय काय बघता येतं?

मोसंबीवाला_अंबड · ९ मे, रात्री ९.१०

मंडळी, राम राम.

२४ एचपीचा लहान ट्रॅक्टर आहे, फोर व्हील. मोसंबीच्या ओळीत मोठा शिरत नाही म्हणून घेतलेला. वॉरंटी संपून गेली. मागं लिफ्टवर (तेलाच्या दाबानं अवजार उचलणारे हात) साडेतीन फुटी रोटाव्हेटर म्हणजे रोटा असतो, अधूनमधून फवारणीचा ब्लोअर, पावसाळ्यात कापसात कोळपणी.

सकाळी लिफ्ट एकदम झक्कास. तास-दीड तास रोटा चालला की नखरे सुरू. ओळीच्या टोकाला लिव्हर वर घ्यावा तर आधी काहीच हालचाल नाही, मग धक्के देत देत अर्ध्यावर येते आणि तिथं थरथरत बसते. रेस वाढवली की अजून थोडी वर. वळताना रोटा आळ्यातून घासत न्यावा लागतोय, झाडांचे बुडखे सोलायलेत. आणि खाली तेलाचा थेंब म्हणाल तर एक नाही.

तालुक्याच्या फिटरला फोन लावला. ट्रॅक्टर न बघताच सांगितलं, "पंप गेला, खोलावं लागंल." खर्चाचा आकडा ऐकून मी फोन ठेवला. खरीप तोंडावर आहे.

तर पंप खोलायच्या आधी आपल्या हातानं काय काय बघता येतं? आणि कशाला अजिबात हात लावू नये?

वखरवाला · ९ मे, ९.२२

तेल किती आहे ते बघितलं का?

बैलजोडी_जिंदाबाद · ९ मे, ९.३५

आमच्या खिलाऱ्यांना लिफ्ट नाही, पंप नाही, सील नाही. वळताना वखर हातानं उचलायचा, झालं. 😄

मोसंबीवाला_अंबड · ९ मे, ९.४१

@वखरवाला, तेल मोजायच्या काडीवर खुणेच्या किंचित खाली आहे, फार नाही.

@बैलजोडी, फवारणीचा ब्लोअर पण हातानंच उचलता का भाऊ?

गोदाकाठ · ९ मे, १०.०५

अंबडकर, आधी तीन गोष्टी सांगा, म्हणजे अंदाजपंचे बोलणं थांबेल.

लिफ्ट वर घेताना 'कुईंऽऽ' असा बारीक आवाज येतो का? काम झाल्या झाल्या काडी काढली तर तेलाचा रंग कसा आहे, आणि वर फेस आहे का? रोटा काढून मोकळ्या लिफ्टला पण हाच त्रास होतो, का वजनावरच?

माझ्याकडं गंगाथडीला ऊस असताना लहान ट्रॅक्टर होता. लिफ्ट बिघडली की आम्ही तिला नुसत्या शिव्या द्यायचो. नंतर कळालं की बिचारी स्वतःच सांगत असती कुठं दुखतंय ते, फक्त थंड असताना काय करते आणि तापल्यावर काय करते हे वेगवेगळं बघावं लागतं.

परभणी_ग्यारेज · १० मे, सकाळी ७.१५

गोदाकाठ भाऊंनी बरोबर नस पकडली. माझा धंदाच हा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. मोबाईलवर टाइप करतोय, सांभाळून घ्या.

बहुतेक लहान ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, मागचा एक्सल आणि लिफ्ट यांचं तेल एकच असतं. पंप तेच तेल खालून जाळीतून ओढतो, दाब तयार करतो, व्हॉल्व्हमधून सिलेंडरला देतो, सिलेंडर लिफ्टचे हात उचलतो. म्हणजे बिघाड ओढणाऱ्या बाजूला असेल, दाबाच्या बाजूला असेल, नाहीतर धरून ठेवणाऱ्या बाजूला. गिऱ्हाईक तिन्हीला "पंप गेला" म्हणतं. आमच्यातले काही फिटरही म्हणतात, कारण पंप बदलला की बिल मोठं होतं. खोटं कशाला बोलू.

थंडपणी जड आणि तापल्यावर ठीक असेल तर तेल घट्ट आहे किंवा जाळी चोंदली आहे. थंडपणी चांगली आणि तापल्यावर ढिली, तर तीन संशयित : पंप आतून झिजला असेल, कुठलं तरी सील तापल्यावर दाब सोडत असेल, नाहीतर तेलात हवा जात असेल. झिजलेला पंप कमी रेसवर मरगळतो, रेस दिली की बरा चालतो, पण उचलताना धक्के देत नाही. धक्के आणि थरथर हे हवेचं लक्षण. अंबडकर, तुमच्याकडं धक्के आहेत, म्हणून मी पंपाला लगेच फाशी देणार नाही.

आता खाली तेल नाही सांडलं म्हणता. ओढणाऱ्या बाजूला फट पडली तर तेल बाहेर येतच नाही, कारण तिथं दाब नसतो, ओढ असते. फटीतून हवा आत जाते. त्यामुळं वरून कोरडं ठणठणीत दिसतं आणि आत फेस होत राहतो. सकाळी तेल निवलेलं असतं म्हणून लिफ्ट चांगली, तासाभरात फेस साचला की संपलं.

एक युक्ती करा. सक्शन पाईप (तेल ओढणारा) जिथं पंपाला आणि खाली हाऊसिंगला जोडलाय, तिथं चालू इंजिनवर ग्रीसचा जाड थर हातानं लावा. पट्टा, फॅन, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा दांडा) यांच्यापासून हात लांब ठेवून, अंगात सैल शर्ट किंवा गळ्यात गमछा नको. ग्रीस लावल्यावर आवाज बदलला किंवा लिफ्ट सुधारली, तर चोर सापडला.

सोयाबीन_४२_अंश · १० मे, ८.०२

एवढं काही नसतं हो. आमच्याकडं लातूर साईडला उन्हाळ्यात तेल पाण्यासारखं पातळ होतं. सरळ इंजिनचं २०डब्ल्यू-४० ओता, लिफ्ट टुणकन उचलते. गावात निम्मे लोक तेच करतात.

परभणी_ग्यारेज · १० मे, ८.३०

करतात, आणि वर्षभरानं ब्रेक घेऊन माझ्याकडं येतात. ज्या ट्रॅक्टरात ऑइल ब्रेक आहेत त्यात ब्रेकच्या प्लेटा त्याच तेलात बुडालेल्या असतात. त्यासाठी यूटीटीओ तेलात (गिअर, ब्रेक, लिफ्ट सगळ्याला चालणारं ट्रॅक्टरचं तेल) वेगळे गुण घातलेले असतात. साधं इंजिन ऑइल टाकलं की प्लेटा कधी घसरतात, कधी खरखर करतात. लिफ्ट टुणकन उचलली आणि उताराला ब्रेक नाही लागला, तर काय करणार दादा?

घट्ट तेलानं झिजलेला पंप काही दिवस झाकून जातो, एवढंच खरं आहे. पुस्तकात जो ग्रेड दिलाय तोच टाका, आणि बादलीचं सील, तारीख, बिल बघून घ्या. खुलं तेल डब्यात मोजून देणाऱ्याकडून घेऊ नका.

सोयाबीन_४२_अंश · १० मे, ८.४४

माझ्या ट्रॅक्टरला कोरडे ब्रेक आहेत.

परभणी_ग्यारेज · १० मे, ८.४७

मग तुमची गोष्ट वेगळी. पण इथं वाचून दुसरा कुणी ओतेल ना.

मोसंबीवाला_अंबड · १० मे, दुपारी १.२०

आत्ताच रानातून आलो. गोदाकाठ, उत्तरं घ्या. १) आवाज येतो, लिव्हर वर घेतला की बारीक कुईं. २) काम थांबवून लगेच काडी काढली. तेलावर ताकावर येतो तसा फेस, बुडबुडे काडीला चिकटलेले. तासाभरानं परत बघितलं तर फेस गायब, तेल स्वच्छ. पांढुरकं नाही. ३) रोटा काढल्यावर लिफ्ट उचलते, पण धक्के आहेतच.

गोदाकाठ · १० मे, १.३३

झालं तर मग. फेस बसून तेल स्वच्छ होतंय, म्हणजे पाणी नाही, हवा आहे. पाणी असतं तर तासाभरानं पण दुधाळच राहिलं असतं. आधी तेल खुणेपर्यंत भरा. पातळी कमी असली तर चढावर किंवा बांधावरून उतरताना जाळीचं तोंड उघडं पडतं आणि तिथूनच हवा जाते. मग सक्शनचे जोड बघा. पंपाच्या बोल्टला हात लावू नका.

निवृत्त_मास्तर · १० मे, दुपारी ३.१०

मी शेती आता बटाईनं देतो, पण विज्ञान शिकवलं आहे, म्हणून थोडी लुडबूड. लिफ्टच्या सिलेंडरमधला पिस्टन समजा ७५ मिलिमीटर व्यासाचा आहे. त्याचं क्षेत्रफळ ४४ चौरस सेंटिमीटर भरतं. तेलाचा दाब १५० बार धरला, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण दीडशे किलो. गुणाकार करा, पिस्टनवर साडेसहा टनांच्या वर जोर येतो. मग शेवटी मागच्या लिंकच्या टोकाला सातशे-आठशे किलोच का उचललं जातं? कारण पिस्टन थोडासाच सरकतो आणि लिफ्टचे हात लांब, तरफेत जोर खर्च करून आपण उंची घेतो. पास्कलचा नियम आठवीच्या पोरांना शिकवताना हे उदाहरण मला त्या काळात सुचलं असतं तर बरं झालं असतं.

अजून एक. ट्रॅक्टरला तीन ठिकाणी अवजार जोडून तेलाच्या दाबानं उचलायची आणि नांगराच्या ओढीप्रमाणं खोली आपोआप सांभाळायची ही पद्धत हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसानं बसवली. १९३९ मध्ये फोर्डच्या ९एन ट्रॅक्टरवर ती आली आणि तिथून जगभर गेली. तुमच्या लहान ट्रॅक्टरच्या मागं आज जे तीन हात आहेत, ते त्याच घराण्यातले.

बैलजोडी_जिंदाबाद · १० मे, ३.२६

मास्तर, साडेसहा टन जोर असून अंबडकरांचा रोटा वर येईना! आमचा सर्जा एकटा बरा. 🙏

परभणी_ग्यारेज · १० मे, ३.४०

मास्तरांचा आकडा लक्षात ठेवा सगळ्यांनी. एवढा जोर ज्या तेलात आहे तिथला पाईपचा नट इंजिन चालू असताना ढिला करू नका. आधी अवजार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर दोन-चार वेळा वर-खाली करून उरलेला दाब सोडा, मग पाना लावा. आणि वर उचललेल्या रोट्याखाली नुसत्या लिफ्टच्या भरवशावर कुणी झोपायचं नाही. पाती बदलायची तर खाली लाकडी ओंडके किंवा स्टँड लावा. लिफ्टवर विसंबून खाली शिरलेल्यांचे अपघात मी बघितलेत, वर्णन करत नाही.

हळदवाली_बसमत · १० मे, सायंकाळी ६.५०

याच्यात माझी भर. दाबाच्या पाईपला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तर तेलाची धार डोळ्याला दिसत नाही, नुसता ओलावा दिसतो. ते बोट फिरवून शोधायची लई जणांना सवय आहे. ती धार कातडीतून आत घुसते. माझी नणंद दवाखान्यात नर्स आहे, ती सांगते की असा माणूस येतो तेव्हा नुसती टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते, दुखतही फार नसतं, म्हणून तो घरी हळद लावून बसतो. आत तेलानं मांस कुजत जातं. असं झालं तर वेळ न घालवता जिथं ऑपरेशन होतं अशा मोठ्या दवाखान्यात जायचं आणि "दाबाचं तेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगायचं. उशीर झाला तर बोट, हात जातो.

गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा लांब काठीला बांधून पाईपजवळून फिरवा. पुठ्ठ्यावर डाग उमटला की तिथं भोक. आमच्याकडं खताच्या खोक्याचा पुठ्ठा ट्रॅक्टरच्या पेटीतच असतो.

आणि हळदीच्या गावची आहे म्हणून सांगते, हळद पोळीवर बरी.

गोदाकाठ · १० मे, ७.०५

ताई, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला पाहिजे.

कापूस_ते_कापूस · ११ मे, सकाळी ६.४०

सगळं खरं, पण माझं मत वेगळं आहे. हे असले उद्योग घरी करूच नयेत. आपल्याकडची काळी माती, वारा सुटला की डोळ्यात धूळ. अशा हवेत अंगणात जाळी खोलायची, तेल उघडं ठेवायचं, म्हणजे रोग बरा करताना दुसरा लावून घ्यायचा. अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या, पैसे गेले तर गेले.

परभणी_ग्यारेज · ११ मे, ७.३०

धुळीचं म्हणणं शंभर टक्के खरं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. गिअर पंपाच्या आतल्या फटी त्याहून कितीतरी बारीक असतात. डोळ्याला न दिसणारी माती पंप घासून काढते. म्हणूनच मी म्हणतो, पंप, स्पूल (व्हॉल्व्हमधला तेलाची वाट बदलणारा दांडा) आणि रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारा) घरी खोलू नका. रिलीफचा स्क्रू तर आवळायचाच नाही. लोक "दाब वाढवतो" म्हणून आवळतात, गेज लावत नाहीत, आणि मग हाऊसिंगला तडा जातो नाहीतर पाईप फुटतो.

पण तेल बदलणं, जाळी धुणं, फिल्टर बदलणं, बाहेरचे जोड आवळणं ही कामं घरची आहेत. फक्त पद्धत पाळा. आदल्या दिवशी ट्रॅक्टर धुऊन वाळवा. बंद शेडमध्ये किंवा वारा पडल्यावर सकाळी काम करा. प्लग, झाकण, काडी यांच्या भोवतालची माती आधी ब्रशनं काढा, मग खोला. पुसायला सूत सुटणारी चिंधी नको, जुनं मऊ धोतर चालेल.

सर्व्हिस सेंटर चांगलं असेल तर जरूर जा. पण तिथंही पोरगं कॉम्प्रेसरच्या पाण्याची धार थेट ब्रीदरवर मारतं, हे मी कितीदा बघितलंय. आत पाणी गेलं की तेल दुधाळ.

वखरवाला · ११ मे, ७.४४

ब्रीदर म्हणजे कुठं असतो?

परभणी_ग्यारेज · ११ मे, ७.५८

लिफ्टच्या हाऊसिंगवर किंवा तेल भरायच्या झाकणातच बारीक छिद्राची टोपी असते. तेल तापलं की आतली हवा तिथून बाहेर पडते, निवलं की आत येते. माती-ग्रीसनं ते छिद्र बुजलं की आत हवेचा दाब साचतो आणि एक्सलच्या, पीटीओच्या सीलातून तेल झिरपायला लागतं. लोक सील बदलत बसतात. टोपी काढून डिझेलनं धुवा, वाळवा, लावा. फुकटचं काम आहे.

द्राक्षबाग_धाराशिव · ११ मे, दुपारी १२.१५

थोडं विषयांतर. माझ्या ट्रॅक्टरला दोन लिव्हर आहेत. फवारणीचा ब्लोअर लावला की कधी कधी आपोआप वर-खाली होतो. लिफ्ट खराब आहे का?

गोदाकाठ · ११ मे, १२.४०

द्राक्षवाले, दोनपैकी ड्राफ्टचा लिव्हर (ओढीप्रमाणं खोली सांभाळणारा) मधेच राहिला असेल. ब्लोअर, रोटा अशा कामाला ड्राफ्टचा लिव्हर पूर्ण वर ठेवून पोझिशनच्या लिव्हरनं उंची धरायची असते, निदान बहुतेक मॉडेलांत तरी. ड्राफ्ट नांगराला आणि जड वखरणीला : जमीन कडक लागली की टॉप लिंकवर (तिन्हीतला वरचा मधला हात) रेटा येतो आणि लिफ्ट नांगर थोडा उचलते, म्हणजे ट्रॅक्टर दबत नाही. ब्लोअरला ओढच नाही, पण खड्ड्यात हिसका बसला की टॉप लिंक तो जोर वर कळवते आणि लिफ्ट उगाच हालते. टॉप लिंक कुठल्या भोकात लावलीय त्यावरही हे ठरतं. पुस्तकात चित्र असतं.

आणि सीटखाली खाली सोडायचा वेग ठरवणारी गोल मूठ असते. ती पूर्ण बंद केली की अवजार खालीच येत नाही. रस्त्यानं जाताना तशी बंद करायची असते. आमच्या पाहुण्यांनी एकदा ती बंद ठेवून दिवसभर "लिफ्ट जाम झाली" म्हणून बोंब मारली, शेवटी शेजारच्या पोरानं मूठ फिरवली.

द्राक्षबाग_धाराशिव · ११ मे, १.०२

ड्राफ्टचा लिव्हर मधेच होता. वर घेतला, हालायचं बंद. एवढ्यासाठी मी फिटरला बोलावणार होतो.

बैलजोडी_जिंदाबाद · ११ मे, १.१०

बघा, सर्जाला एकच लिव्हर. शेपटी.

मोसंबीवाला_अंबड · १२ मे, रात्री ८.३०

काम केलं. सांगतो.

आधी ग्रीसची युक्ती. पंपाकडच्या जोडाला काही फरक नाही. खाली हाऊसिंगजवळच्या जोडाला ग्रीस लावलं आणि कुईं आवाज जवळपास बंद! ग्रीस आत ओढलं जाताना डोळ्यांनी दिसलं, जोडाच्या कडेला खळगा पडला.

तसंही तेलाचे तास भरत आले होते, म्हणून सगळंच काढलं. ट्रॅक्टर अर्धा तास चालवून तेल कोमट केलं, सपाट जागा, रोटा खाली, मग प्लग. प्लगच्या चुंबकाला बारीक राखाडी लव होती, कणी किंवा तुकडा नाही. तो जोड खोलला. आतली ओ-रिंग (रबरी कडं) नखानं दाबली तर वाकेना, कडक होऊन एका बाजूला चपटी. नवी रिंग त्याच मापाची आणली, जुनी घेऊन गेलो होतो दुकानात.

खरी गंमत जाळीत. बाहेर काढली तर तिच्यावर निळे निळे रबरासारखे तुकडे, गांडुळासारखे लांबट. जाळीचा निम्मा भाग त्यानं झाकला होता. मागं एकदा लिफ्टचं वरचं झाकण एका मिस्त्रीनं उघडलं होतं, त्यानं पॅकिंगच्या जागी निळं सिलिकॉन भरभरून लावलं, आत आलेलं तुटून तेलात पडलं.

जाळी डिझेलनं धुतली, उलट्या बाजूनं हवा मारली, उजेडात धरून प्रत्येक छिद्र बघितलं. कागदी फिल्टर नवा टाकला.

परभणी_ग्यारेज · १२ मे, ८.५०

शाब्बास! निळं सिलिकॉन हा तर आमच्या धंद्याचा कलंक आहे. ते लावायचं असेल तर दोन्ही अंगांना कागदाएवढा थर, बाहेर थोडं आलं तरी चालेल, आत येता कामा नये. सरळ योग्य पॅकिंग कापून लावणं जास्त बरं.

लवीचं ठीक आहे, ती येतेच. चमकती कणी किंवा तुकडा असता तर गिअर किंवा बेअरिंगकडं बघावं लागलं असतं. आणि कागदी फिल्टर धुऊन परत लावणाऱ्यांसाठी सांगतो : धुतलेला कागद फाटतो, मग फिल्टर असून नसल्यासारखा.

आता तेल भरून झालं की हवा काढा. इंजिन कमी रेसवर, मागं वजन नको, लिव्हर सावकाश पूर्ण वर, पूर्ण खाली, असं करत राहा, आवाज गुळगुळीत होईपर्यंत. वर टोकाला नेऊन तसंच रेटून धरू नका, रिलीफ उघडून तेल तापतं. मग बंद करून पाच-दहा मिनिटांनी पातळी परत बघा, कमी झालेली असेल. काडी आट्याची असेल तर ती फिरवून बसवून बघायची का नुसती टेकवून, हे पुस्तकात असतं, त्यात फसगत होते.

ट्रॉलीवाला_माजलगाव · १२ मे, ९.३०

माझा एक मुद्दा कुणी काढलाच नाही. टिपिंग ट्रॉली. ट्रॉलीचा सिलेंडर ट्रॅक्टरच्याच तेलावर चालतो. ९० मिलिमीटरचा सिलेंडर एक मीटर बाहेर आला की त्यात सहा लिटरच्या वर तेल जातं. लहान ट्रॅक्टरात एकूण तेल ते किती! ट्रॉली वर असताना जाळी उघडी पडते आणि हवा ओढते. म्हणून पातळी ट्रॉली खाली बसलेली असताना बघायची, आणि ट्रॉली जोडणार असाल तर आधी विचारून घ्यायचं की हा ट्रॅक्टर एवढं तेल देऊ शकतो का.

दुसरं, गावात एक ट्रॉली चार जण वापरतात. कुणाच्या ट्रॅक्टरात कुठलं तेल, कुणाचं काळं पडलेलं, कुणाच्यात पाणी. कप्लर (ट्रॉलीचा तेलाचा पाईप जोडायचं तोंड) जोडला की त्यांच्या तेलाशी आपलं तेल एक होतं. कप्लरच्या टोप्या तर पहिल्याच महिन्यात हरवतात, मग तोंडात माती, ती पुसायची सुद्धा नाही, तशीच ठोकून जोडायची.

सोयाबीन_४२_अंश · १२ मे, ९.४१

+१. टोप्या हरवल्यावर आम्ही प्लास्टिकची पिशवी बांधतो. उन्हानं तिचा भुगा होतो तो वेगळाच.

कापूस_ते_कापूस · १२ मे, ९.५५

अंबडकर, अभिनंदन. माझं मत बदललं असं म्हणणार नाही, पण जाळीपुरतं मान्य.

१८ मेला परभणीला कृषी विद्यापीठाचा खरीप मेळावा असतो, तिथं अवजारांचे स्टॉल लागतात. लहान ट्रॅक्टरांच्या स्टॉलवर सगळे एचपी विचारतात. ब्रेक तेलातले का कोरडे, लिफ्टचा पंप वेगळा मिळतो का, जाळी बाहेरून काढता येते का, हे विचारा. माझ्या ट्रॅक्टरची जाळी काढायला आधी बाजूचं झाकण आणि दोन पाईप काढावे लागतात, म्हणून तर मी घरी नको म्हणतो.

हळदवाली_बसमत · १३ मे, सकाळी ६.२०

बरोबर मुद्दा. आणि लिफ्टची क्षमता लिहिलेली असते ती लिंकच्या टोकाला. अवजाराचं वजन त्याच्याही मागं असतं, त्यामुळं तेवढं उचलत नाही. वर पाच फुटी रोटा लावून पुढचं चाक हवेत गेलं की लिफ्टला दोष देतात.

मोसंबीवाला_अंबड · १३ मे, रात्री ९.००

आज चार तास सलग रोटा चालवला. फेस नाही, धक्के नाहीत, तापल्यावर पण सकाळसारखीच उचलते. पंप जिथल्या तिथं आहे.

एक शंका राहिली. रोटा वर ठेवून इंजिन बंद केलं तर सकाळी तो जमिनीला टेकलेला असतो. हे पण बघावं लागंल का?

परभणी_ग्यारेज · १३ मे, ९.२५

रात्रभरात हळूहळू बसत असेल तर त्यासाठी लिफ्ट खोलू नका. तसंही अवजार वर ठेवून ट्रॅक्टर उभा करायचाच नाही, लेकरं खेळतात तिथं. पाच-दहा मिनिटांत डोळ्यादेखत खाली येत असेल तर सिलेंडरचं सील किंवा चेक व्हॉल्व्ह (तेल मागं येऊ न देणारा). लिफ्टच्या हाताशेजारी हाऊसिंगवर खडूनं रेघ मारा, इंजिन बंद करा, किती वेळात किती उतरतं ते बघा. तेल थंड असताना एकदा, तापल्यावर एकदा.

वखरवाला · १३ मे, ९.४०

माझा पण खाली येतो. पण इंजिन चालू असताना. वर जातो, थोडा खाली येतो, परत वर जातो, मानेनं हो-हो करतो तसा. फोटो टाकू का?

परभणी_ग्यारेज · १३ मे, ९.५२

फोटोत काय दिसणार भाऊ! आतून कुठंतरी दाब सुटतोय, अवजार उतरलं की व्हॉल्व्ह परत भरतो, म्हणून हो-हो. बहुतेक वेळा सील असतं, कधी स्पूल घासलेला. हे घरचं काम नाही. पण आधी खाली सोडायची मूठ पूर्ण बंद करून बघा. हो-हो थांबलं तर गळती व्हॉल्व्हच्या बाजूला, चालूच राहून अवजार खाली आलं तर सिलेंडरच्या. तेवढं बघून फिटरकडं गेलात तर तो सगळी लिफ्ट उगाच खोलणार नाही.

वखरवाला · १३ मे, ९.५५

मूठ गंजून बसलीय. डब्ल्यूडी (गंज सोडवायचा स्प्रे) मारून ठेवतो, उद्या सांगतो.